वजनाची घोषणा

लखनौच्या रेल्वे कॉलनीत मधुमेह टाळण्याचा वर्ग भरायचा. तिथल्या मॅडम प्रत्येकीचं वजन चारबाग स्टेशनवरून सुटणाऱ्या गाडीसारखं माईकवरून पुकारायच्या. गेल्या खेपेला अबोलीचं वजन ऐकून सगळा हॉल खिदळला. ती आज आलीच नाही, आणि तिची साखर तर बॉर्डरवर आलेली! "आना उनकी ज़िम्मेदारी थी," मॅडमनी हात झटकले. अबोलीची शेजारीण चंद्रप्रभा भडकली. "और इज़्ज़त रखना किसकी?" "अरे भाभीजी, सब अपने ही तो हैं!" "आपल्यांचंच हसणं जास्त लागतं," फणकारत तिने वजनकाटा काखोटीला मारला आणि थेट अबोलीच्या घरी आदळला. "चढ. आकडा तू बघ, मी भिंतीकडे तोंड करते." अबोली चढली. दारात पावलं वाजली. सगळ्यात मोठ्याने हसलेली मिश्रा भाभी चपला हातात घेऊन उभी होती. "इसके बाद मैं. मुँह उधर ही रखना!"