रिकामं तळं

"माणसं मोजकीच आहेत, ताई. तळं धुंडाळू, नाहीतर जंगल. दोन्ही व्हायचं नाही," शोधपथकाचा प्रमुख दारातूनच म्हणाला. "अंधारून यायला लागलंय."

तिचा नवरा दुपारी तळ्यापलीकडच्या लाकूड कारखान्यात निघाला होता. कधी बोटीनं जायचा, कधी जंगलातल्या वाटेनं. आज तिथं पोचलाच नव्हता. बोट धक्क्यावर नव्हती. पण ती काय, कुणीही न विचारता न्यायचं.

"तुमचे वडील तळ्याकाठी चित्रं काढत बसतात ना?"

"आजही दुपारभर तिथंच होते. अंगात कसकस आहे, गोळी घेऊन झोपलेत. उठवते."

म्हातारा गाढ झोपला होता. उशाशी चित्रवही होती. तिनं तीच आणली.

पलीकडचा डोंगर, काठावरची लव्हाळी, पाण्यावर उतरलेली ढगांची सावली. बोट नाही. माणूस नाही.

"सगळं काढतात का हो?"

"ड्रॉइंग मास्तर होते ते. गवताची काडी सुटायची नाही त्यांच्या हातून."

"मग तळ्यावर कुणी नव्हतं. चला रे, जंगलात!"

तिचा जीव भांड्यात पडला. वाटेत पाय मुरगळला असेल, दुसरं काय? वही मिटताना तिला हसूही आलं. बाबांना दुकानातली पेन्सिल चालत नसे. 'माती कालवलेली' म्हणून ते ती बाजूला सारत आणि पूर्वीच्या चित्रकारांसारखा ग्रॅफाइटचा कच्चा तुकडा सुतळीत गुंडाळून वापरत. नवरा म्हणायचा, "सासरेबुवांच्या पेन्सिलीचं घराणं आपल्यापेक्षा मोठं!"

बॅटऱ्यांचे उजेड झाडांत दिसेनासे झाले.

"चहा टाकतेस का गं?" आतून हाक आली.

आधण ठेवून तिनं त्यांचा डबा धुवायला घेतला. पावाच्या नुसत्या कडा उरल्या होत्या.

"बाबा, आतला पाव तेवढा खाल्लात होय? लहान मुलासारखं!"

"खाल्ला कुठं? रबर नव्हतं तेव्हा पावाच्या गरानंच पुसायचे. कागद दुखावत नाही."

तिचा हात थांबला. "काय पुसलंत?"

"बोट गं. लांब होती, पण झकास जमली होती. आतला माणूस मात्र सारखा उभा राहून हात हलवायचा. स्थिर म्हणून राहीना. शेवटी पुसलंच त्याला. बघ ना, पाणी कसं शांत वाटतंय आता."