सातची हजेरी

"दोन रात्री, मॅडम! दोन रात्री ही बाई माझ्या दाराला पाठ लावून बसली होती," शिंपीणबाई म्हणाल्या. दातांत धरलेली टाचणी काढायचंही त्यांना भान नव्हतं. "हिची स्वतःची खोली चार पावलांवर. किल्ली हिच्याच गळ्यात!"

किल्ली खरंच गळ्यात होती, काळ्या नाडीत ओवलेली. समोरच्या दारात मावशी उभी होती. बोलणं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय अशा चेहऱ्यानं ऐकत होती.

संस्थेच्या ताईनं फाइल या हातातून त्या हातात घेतली. बेघरांच्या निवाऱ्यातून स्वतंत्र खोलीत गेलेल्या माणसाकडे सहा महिन्यांत सहा फेऱ्या मारायच्या आणि शेवटच्या फेरीला फॉर्म भरायचा, असा नियम होता. ही सहावी फेरी.

"रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला दार वाजवते. उघडलं की म्हणते, 'आले.' बस्स. पुढं ना शब्द, ना काही. पहिल्या दिवशी मी आपलं 'बरं' म्हटलं. तिथंच चुकलं माझं. सहा महिने 'बरं' म्हणतेय मी! म्हटलं जाऊ दे, एक शब्द तर आहे. गेल्या आठवड्यात दोन दिवस बहिणीकडे राहिले, तर हे. जिन्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, मीच हिला घराबाहेर काढलंय."

"मावशी, आत का नाही गेलात?"

"'बरं' कुणी म्हटलंच नाही," मावशी म्हणाली.

ताईला उमजायला वेळ लागला नाही. निवाऱ्यात सातला हजेरी. खिडकीशी उभं राहून 'आले' म्हणायचं, वहीवाल्या बाईनं मान वर न करता 'बरं' म्हणायचं, की कॉट आपली. हजेरी चुकली त्याची कॉट साडेसातला दुसऱ्याला. मावशीनं हे अकरा वर्षं केलं होतं. खोली देण्याआधी तिला गॅस बंद करायला शिकवलं, कडी लावायला शिकवलं, कचरा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा तेही शिकवलं. हे मात्र कुणाच्याच यादीत नव्हतं.

"अहो, ही तुमची खोली. इथं कुणाला सांगायचं नाही, विचारायचं नाही. यायचं, कुलूप उघडायचं, आत जायचं."

"आणि नाही आले तर?"

"तर नाही आलात. तुमची मर्जी."

"तसं नव्हे, ताई. मी नाही आले, तर कळेल कुणाला?"

शिंपीणबाईंनी दातांतली टाचणी काढली. ताई 'मला' म्हणणार होती, पण ही तिची शेवटची फेरी होती.

मावशीलाच तिची दया आली. "कळेल हो," ती म्हणाली. "वास सुटला की कळतंच. तिसऱ्या मजल्यावर उकाडाही चांगला असतो, फार दिवस नाही लागायचे."

"काहीतरीच बाई!" शिंपीणबाई पुटपुटल्या.

खोलीत एक कॉट, एक खुर्ची, एक पातेलं. सगळं भिंतीला लावलेलं, मधली जागा झाडणाऱ्यासाठी मोकळी. झाडणारी तीच होती. ताई खुर्चीवर बसली. मावशी कॉटच्या कडेला टेकली, परक्याच्या घरात टेकावं तशी. शिंपीणबाईंना कुणी बोलावलं नव्हतं आणि त्या दारातून हलतही नव्हत्या.

फॉर्मवर प्रश्न होता: स्वतंत्र राहू शकते का? 'नाही' लिहिलं तर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. निवाऱ्यातली कॉट तर मावशी निघाली त्याच दिवशी भरली होती. मधे उरत होता तो रस्ता. ताईनं 'हो'वर खूण केली.

"तक्रार मागे घेता?" तिनं शिंपीणबाईंना विचारलं.

"घेते. मला काय हौस आहे? पण दार वाजवायचं नाही."

"नाही वाजवणार," मावशी इतक्या लगेच म्हणाली की शिंपीणबाईंनी नजर खिडकीकडे वळवली.

एक रकाना उरला. अडचण आल्यास कुणाला कळवायचं?

"कुणाचं नाव लिहू, मावशी?"

"तुमचं."

"माझं चालत नाही. संस्थेतलं कुणाचंच चालत नाही."

दोघींनी दाराकडे पाहिलं.

"माझं नको हं, मॅडम," शिंपीणबाई एक पाऊल मागं सरकल्या. "एकटी बाई मी. उद्या काही झालं तर दवाखाने आणि चौक्या कुणी फिरायच्या?"

"नात्यातलं कुणी?"

मावशीनं हाताचा पंजा झटकला, माशी हाकलावी तसा.

"रकाना रिकामा चालत नाही हो. फॉर्म परत येईल आणि खोली जाईल."

 मावशीनं एक नाव सांगितलं. आडनावासकट, सावकाश, लिहिणाऱ्याला वेळ मिळेल असं. त्यामागोमाग फोनचा नंबर. एक आकडा चुकला नाही. तो फोन तिला संस्थेनंच दिला होता.

ताईचं पेन थांबलं. "मावशी, हे तर तुमचंच नाव."

"वर कुणी वाचतं का?"

ताईनं नाव लिहिलं. नंबर लिहिला. पुढचा प्रश्न छापलेलाच होता, म्हणून विचारला.

"नातं?"

मावशीनं खरोखरच विचार केला. घाईनं काहीबाही सांगून मोकळी होणारी बाई नव्हती ती.

"तोंडओळख लिहा," ती म्हणाली.