मुंग्या

राखेत हात घालून प्रज्वल आईच्या अस्थी वेचत होता. वरून पाणी शिंपडलं होतं, पण आतली राख अजून धगधगत होती.

"आरं, हात काढ! भाजतंय न्हवं?" खंडूमामा ओरडले.

प्रज्वलनं हात बाहेर काढून पाहिला. अंगठा आणि शेजारचं बोट लालभडक झालं होतं, कातडी सुटली होती. तो नुसता बघत राहिला. मामांना वाटलं, दुःखानं पोराचं भान हरपलंय.

त्याची बहीण दिपाली नर्स होती. तिला तसं वाटलं नाही. तिनं त्याला दिघीच्या स्मशानातल्या नळाशी नेलं आणि हात धारेखाली धरला.

"दुखत नाही?"

"नाही."

"केव्हापासून?"

"गणपतीपासून. आधी मुंग्या यायच्या. आता त्याही येत नाहीत."

"काय घेतोस तू?"

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "पेप्टाइडचं इंजेक्शन, अंग भरायला. जिममधले सर देतात. रोज सकाळी पोटावर टोचायचं. बाहेरचं वाढीचं हार्मोन नाही ते, ताई. आपल्याच शरीराला सांगतं, अजून सोड म्हणून."

शर्ट त्याच्या दंडावर ताणला होता. काल तिरडी उचलताना सगळ्यांनी पुढची बाजू त्यालाच दिली होती.

"अंगात पाणी साठतं त्यानं," दिपाली म्हणाली. "मनगटातली नस दाबली जाते. कंपनीत स्क्रू कसे लावतोस?"

"बघून."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"बॉडीबिल्डिंगची स्पर्धा झाली की दाखवणार होतो."

तिनं त्याचा हात धारेतून बाहेर घेतला. मग म्हणाली, "डोळे मीट. कुठलं बोट धरलंय, सांग."

त्यानं डोळे मिटले. थोडा वेळ गेला.

"धर ना आधी," तो म्हणाला.

दिपालीनं त्याचं मधलं बोट आणखी जोरात दाबलं. तो तसाच वाट बघत उभा होता. पलीकडे मामा मडक्याच्या तोंडाला फडकं बांधत होते.

"काल आयसीयूत शेवटी तू एकटाच होतास आईजवळ," तिनं विचारलं. "तिचा हात तुझ्या हातात होता ना?"

"हो."

"जाताना दाबला का रे तिनं?"

प्रज्वलनं डोळे उघडले नाहीत.

"मी मॉनिटरकडे बघत होतो, ताई."