घरच्या माणसाचे उपकार

ओट्यावर वाळत टाकलेल्या मिरच्या. गल्लीत हरवलेली कुणाची तरी चप्पल. उशीत केस नसलेल्या डोक्याचा खळगा. भिलाच्या हातात दुधाची बादली.

आणि दगूबाई नवऱ्याला म्हणाली, “तुम्हना मन्हावर मोठा उपकार शे.”

बादली सुटली.

“काय व्हयी ऱ्हायनं तुले?”

“काहीच नही. चेतनाताईनी सांगेल शे. ज्यानी आपलं करं, त्याले तोंडवर सांगानं.”

चेतनाताई नंदुरबारच्या दवाखान्यात समुपदेशक. स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांना गोल बसवून त्या म्हणायच्या, काय गेलं ते उगाळू नका, सोबत कोण आहे ते बघा. भिलाला ते पटायचं. पण त्यांच्या गावात, रनाळ्यात ‘उपकार’ म्हणायचं ते डॉक्टरला, साहेबाला. घरच्या माणसाला एकदाच म्हणतात. जाताना. त्याच्या आईने शेवटच्या दिवशी सुनांचे हात धरून हेच म्हटलं होतं. आणि दगूबाईच्या केमो तर अजून अर्ध्यावरच होत्या. पुढची परवा, गुरुवारी.

त्याने फोनांचा धडाका लावला. दुपारपर्यंत तिचा भाऊ दोधू तळोद्याहून जीप घेऊन आला. लेक सुरतेहून निघाली. नणंद बेबीबाई तर गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढत आली.

“मी काय मरी ऱ्हायनू का?” दगूबाई ओरडली.

“मंग उपकार कशाले काढस?” दोधूही ओरडला. “नवरा शे ना तो तुन्हा!”

बेबीबाईने नाक पुसलं. “मी मन्हा नवराले रोज शिव्या देस. म्हनीसन तो जित्ता शे!”

पहिली हसली ती दगूबाईच. हसता हसता डोक्याचा रुमाल घसरला. केस गेल्यापासून तिने तो कुणापुढे सोडला नव्हता. तिने रुमालानेच डोळे पुसले आणि तो मांडीवर टाकला.

“भाकर टाक ना माय,” ती नणंदेला म्हणाली. “भूक लागनी.”

गुरुवारी जीपमध्ये सगळेच चढले. कुणी कुणाला विचारलं नाही. भिलाला बायकोला काही म्हणावंसं वाटत होतं. अपशकुन नको म्हणून त्याने पाण्याच्या बाटलीचं झाकण तेवढं उघडून दिलं.

दवाखान्यात सिस्टरने दगूबाईकडे दोनदा पाहिलं आणि भरभर खाट तयार केली.

सोमवारी दुपारी, बादली सुटली त्याच्या आदल्या दिवशी, दगूबाईने सिस्टरला फोनवर सांगितलं होतं, “आते मी येत नही. बाकीना केमो ऱ्हाऊ द्या.”