तंबूसाठी दगड

वायोमिंगच्या डोंगरात, झाडं संपतात त्याच्याही वर, लोर्ना आणि तिचा भाऊ मेरिट तंबूशी झुंजत होते. थकलेले बाबा मागून सावकाश येत होते. ते पोचायच्या आत निवारा उभा करायचा होता.

“वजन वाचवायचं म्हणून हे कागदासारखं काहीतरी आणलंस! म्हणे चालायच्या काठ्यांवर उभं राहतं!” लोर्ना ओरडली. खडकात खुंट्या रुतत नव्हत्या आणि वारा कापड हातातून हिसकावत होता.

“नंतर भांड! आधी दगड आण, मिळतील तिथून आण!”

ती धापा टाकत दगड आणत राहिली. मेरिटने दोऱ्या त्यांना करकचून बांधल्या आणि तंबू एकदाचा ताठ उभा राहिला. तोवर ढग खाली उतरला होता. हातभरापलीकडचं दिसेना.

“इतके दगड सापडले कुठे गं?”

“वाटेवर कुणीतरी रास रचून ठेवली होती. सगळी उचलली.”



“लोर्ना, बाबांना मी तीच खूण सांगून आलोय. रास दिसली की डावीकडे वळा, सरळ पुढे कडा आहे.”