यूस्तीनची चाल

“अख्खं स्पेन लंगडं झालंय का गं?” पडद्याकडे बोट दाखवत अग्लाया काकूंनी विचारलं.

पडद्यावर त्यांच्या नातीच्या बाप्तिस्म्याची मंडळी चर्चमधून बाहेर पडत होती. पाद्रीबाबा एक पाऊल टाकून थबकत, मग एकदम पुढे जाऊन उभे राहत. सून मिरेला तशीच. मागचं कुत्रंसुद्धा झटके खात चाललेलं.

शेजारच्या दोइनाने हसू दाबून खुर्ची ओढली. ती गावच्या शाळेत गणित शिकवते. हा जुना कॉम्प्युटर शाळेच्या अडगळीतून तिनेच काकूंना आणून दिला होता, त्यात लिनक्स घातलं तेही तिनेच. म्हणजे आता निस्तरायचंही तिनेच.

“काकू, या सिनेमाच्या डिस्कवर काही सांडलं नाही ना?”

“छे! उलट प्लमच्या दारूने पुसून काढली मी.”

“दारूने?”

“घरची आहे. तुझ्या या खटाऱ्यापेक्षा चोख.” काकूंचा आवाज मग एकदम खाली आला. “आणि यूस्तीन आला की जास्तच अडकतं गं. मेलं नेमकं त्याच्याच वेळी.”

नात बघायची होती, सून बघायची होती, सगळं खरं. पण काकूंना हवा होता तो त्यांचा मुलगा यूस्तीन, चालताना. बापासारखा खांदे सैल सोडून, लांब ढांगा टाकत यायचा. विहिरीच्या वळणावर ती चाल दिसली की इकडे काकू चुलीवर भांडं चढवायच्या. स्पेनमध्ये परांच्या बांधायला गेला त्याला कितीतरी ईस्टर झाले. दर ईस्टरला येतो म्हणायचा, आणि दर ईस्टरला म्हणे मुकादम सुट्टी देत नाही. फोन करायचा, पण आवाज काही अंगणातून चालत येत नाही. काकूंचा जीव नुसता तुटायचा. ही डिस्कही मिरेलाने पाठवली. यूस्तीन तर फोनवर वैतागलाच होता, “ती कसली बघत बसतेस आई, मी येतोच आहे ना.”

दोइनाने बाकीचे प्रोग्राम बंद केले. फरक नाही. दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहिलं, तेच. शेवटी हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून तिने डिस्क वाचणाऱ्या ड्राइव्हची चौकशी केली आणि कपाळावर हात मारला.

“डीएमए बंद आहे! ड्राइव्हला माल थेट मेमरीत टाकायची मुभाच नाही, काकू. सगळी हमाली बिचाऱ्या प्रोसेसरच्या डोक्यावर. मग चित्र दाखवणार कधी?”

“मग देऊन टाक ना मुभा! त्या मुकादमासारखी अडून काय बसलीस?”

दोइनाने एक ओळ टाइप केली. कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला, तो दिला. सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला.

आणि चित्र वाहायला लागलं. पाद्रीबाबा झग्याचा घोळ सावरत भराभर पायऱ्या उतरले. मिरेला बाळाला घेऊन ठुमकत आली. कुत्रं सुसाट पळालं. काकूंनी टाळ्याच पिटल्या.

“सोन्यासारखी पोर आहेस!” त्यांनी दोइनापुढे चेरीचा मुरांबा आणि पाण्याचा ग्लास ठेवला. “आता गप्प बस हं. आता तो येतो.”

सगळ्यांच्या मागून यूस्तीन दारात आला. वाळला होता. कॅमेऱ्याकडे बघून हसला, हात हलवला आणि कठडा धरून निघाला. उजवा पाय पुढे पडला. डावा मागून ओढत आला. तो थांबला. पुन्हा उजवा.

दोइनाचा चमचा तोंडापाशीच राहिला.

कुत्रं धावत त्याच्यापाशी आलं, त्याच्याभोवती गिरकी मारून मिरेलाकडे पळालं, पुन्हा परत आलं. कुठेही न अडकता. यूस्तीन अजून अर्ध्या अंगणातही पोचला नव्हता.

काकूंनी ॲप्रनच्या टोकाने पडदा पुसला. एकदा, मग पुन्हा एकदा. मग दोइनाचा हात धरून तो कीबोर्डवर ठेवला.

“अजून अडकतंय गं,” त्या म्हणाल्या. “एवढं एक नीट कर ना.”