पटेल असं लिहा

चॅनेलच्या साहेबांनी चष्मा काढला आणि मालिकेची स्क्रिप्ट टेबलावर आपटली. "मॅडम, ह्या पोरानं दगड मारून मुख्याध्यापकांच्या गाडीची काच फोडली, आणि दुसऱ्याच दिवशी खेळाचे सर त्याला शाळेच्या संघात घेतात? हे कुणाच्या गळी उतरणार?"

"दगड इतक्या लांबून अचूक लागला, सर. त्यांनी त्याचा नेम बघितला," लेखिका म्हणाली.

"काहीतरीच! अशा पोरांना कोण दारात तरी उभं करतं? शाळेतून नाव काढतात, आई येऊन सगळ्यांच्या हातापाया पडते, पोरगं सुधारगृहात जातं. तसं लिहा, लोकांना पटेल."

लेखिकेनं मान हलवली, पेनाचं टोपण काढलं आणि त्या प्रसंगावर काट मारायला घेतली. अर्ध्या पानावर तिचा हात थांबला.

"आई हातापाया नाही पडली, सर. माझा हात धरून फाटकाबाहेर नुसती उभी होती. बाकी सगळं तुम्ही म्हणताय तसंच झालं. दादाला संघात कुणीच घेतलं नाही, म्हणून तर मी घेतलं होतं."